तुरीनमध्ये चॉकलेट चाखायचं कसं?

प्रश्न: दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सहाजण पुण्याहून मिलानला उतरणार आहोत: सासू-सासरे, आम्ही दोघं, नऊ वर्षांचा मुलगा आणि कॉलेजात जाणारी भाची. चॉकलेटसाठी दोन दिवस तुरीनला ठेवलेत. तिथले चॉकलेट टेस्टिंगचे दौरे घ्यावेत का? आम्ही शाकाहारी आहोत, सासूबाईंना अंडंही चालत नाही आणि मद्य कुणालाच नको. सासऱ्यांना मधुमेह आहे. आणि खरं सांगायचं तर डार्क चॉकलेट आम्हाला नुसतं कडू लागतं. त्यात चाखण्यासारखं काय असतं?

उत्तर:

माझे यजमान रांजणगावच्या गाड्यांच्या कारखान्यातून इकडे कामाला आले, त्यांच्याबरोबर मी तुरीनला आले. त्याला बारा वर्षं झाली. गेली नऊ वर्षं मी पर्यटकांना इथलं चॉकलेट चाखवण्याचं काम करते. त्यामुळे दौरे विकणाऱ्यांची बाजू मला माहीत आहे आणि दमून गेलेल्या पाहुण्यांचीही.

दौरा घ्यायचा का, हे त्या दौऱ्यात किती ठिकाणं आहेत त्यावर ठरवा. अडीच तासांत सात-आठ दुकानं आणि पंधरा प्रकारचं चॉकलेट असं लिहिलेलं असेल तर घेऊ नका. माझ्या पहिल्या वर्षी मी असाच दौरा काढत होते, पैसे घेतलेत तर भरपूर द्यावं या भावनेने. एकदा सोलापूरच्या एक आजी चौथ्या दुकानानंतर कमानींखालच्या पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "बाई, आता मला फक्त गोड लागतंय. काय खातेय ते कळत नाही." त्या अगदी बरोबर बोलत होत्या. चौथ्या-पाचव्या तुकड्यानंतर जिभेवर कोको बटरचा, म्हणजे कोकोच्या बियांतल्या तुपाचा, थर बसतो, साखरेने तोंड गोडमिट्ट होतं आणि पुढचं सगळं एकसारखं लागतं. त्या दिवसापासून माझ्या फेरीत तीन ठिकाणं असतात, त्यातल्या एका ठिकाणी अर्धा तास बसायला मिळतं, आणि माणशी पाच-सहा तुकड्यांच्या वर काही नसतं.

म्हणून पैसे भरण्याआधी विचारा: किती ठिकाणं, बसायला मिळेल का, प्रत्येक पदार्थात काय आहे ते आधी लिहून देणार का. तिसऱ्या प्रश्नाला "तिथे आल्यावर बघू" असं उत्तर आलं तर तुमच्यासारख्या शाकाहारी कुटुंबाने तो दौरा सोडून द्यावा. आणि वाटाड्याशिवायही हे सगळं नीट करता येतं. कसं ते सांगते.

तुरीनमध्ये येऊन दहा प्रकार चाखण्यापेक्षा एकच पदार्थ तीन कारागिरांच्या हातचा चाखा. तो पदार्थ म्हणजे जांदुयोत्तो. उलट्या ठेवलेल्या होडीच्या आकाराचा, सोनेरी किंवा चंदेरी कागदात गुंडाळलेला, बोटाच्या पेरापेक्षा थोडा मोठा तुकडा. कोको, साखर आणि भाजून वाटलेले हेझलनट. हेझलनटला इथे नोच्चोला म्हणतात, आणि या पिएमोंते प्रांताच्या दक्षिणेला लांगे नावाच्या टेकड्या आहेत, तिथला नोच्चोला इटलीत नावाजलेला. युरोपियन संघाचं भौगोलिक मानांकन त्याला १९९६ सालापासून आहे. तो जवळजवळ गोल असतो म्हणून सगळीकडून सारखा भाजला जातो, आणि भाजल्यावर त्याची साल हाताने चोळली तरी सुटते, शेंगदाण्याची सुटते तशी. तुम्ही दिवाळीत येताय हे फार चांगलं, कारण ऑगस्टच्या शेवटापासून सप्टेंबरपर्यंत नोच्चोल्याचा हंगाम होतो आणि तुमच्या वेळेला नवं पीक बाजारात आलेलं असतं.

यामागची गोष्ट तुम्हाला प्रत्येक वाटाड्या सांगेल: नेपोलियनने १८०६ साली इंग्लंडच्या व्यापाराची कोंडी केली, कोको महाग झाला, म्हणून तुरीनच्या लोकांनी त्यात स्वस्त नोच्चोला मिसळला. तुरीन तेव्हा फ्रेंच अमलाखाली होतं, कोंडीही खरी. पण ती १८१४ च्या आत संपली आणि जांदुयोत्तो कारखान्यातून बाहेर पडला तो १८६५ च्या कार्निव्हलमध्ये, काफारेल या कंपनीचा. मधली पन्नास वर्षं या गोष्टीत कुणी मोजत नाही. मला स्वतःला वाटतं की टंचाईने लोकांना सवय लावली असेल, पण आज आपण खातो तो मऊ पदार्थ यंत्रांमुळे जन्मला. नोच्चोला नुसता कुटून घातला तर चॉकलेट रवाळ लागतं. तो भाजून, लोण्यासारखा बारीक वाटून घालण्याची रीत १८५० नंतरच्या काळात बसली आणि मग जांदुया नावाचं हे मिश्रण तयार झालं. जांदुया हे खरं तर पिएमोंतेच्या लोकनाट्यातलं पात्र, तीन टोकांची टोपी घातलेला, दारूचा मगा जवळ बाळगणारा खुशालचेंडू शेतकरी. १८६५ च्या त्या कार्निव्हलमध्ये जांदुयाच्या सोंगाने हे तुकडे लोकांना वाटले आणि पदार्थाला त्याचं नाव चिकटलं. त्याच वर्षी इटलीची राजधानी तुरीनहून फ्लॉरेन्सला हलली. शहराची राजधानी गेली त्या साली शहराला हे मिळालं, हे मी पाहुण्यांना पियात्झा कास्तेल्लो या चौकात उभं करून सांगते, कारण समोर राजवाडा दिसत असतो.

आता तीन कारागीर का, ते सांगते. जांदुयाचं मिश्रण फार चिकट आणि मऊ असतं. नोच्चोल्याचं तेल साध्या खोलीच्या उबेत पातळच राहतं आणि ते कोको बटरमध्ये मिसळलं की सगळंच मऊ पडतं. दाण्याचं कूट मिक्सरमध्ये जास्त वेळ फिरवलं की तेल सुटून गोळा होतो ना, तसंच. म्हणून त्याला आकार द्यायच्या तीन पद्धती झाल्या, आणि आपल्या स्वयंपाकघरात तिन्ही आहेत. पहिली हाताची: मिश्रणाचा गोळा घेऊन सुरीने आणि पात्याने एका झटक्यात होडी करून ताटात ठेवायची, आपण सांडगे घालतो तशी. दुसरी यंत्राची, पण साच्याशिवाय: मिश्रण चकलीच्या सोऱ्यातून यावं तसं तोंडातून येतं आणि पट्टीवर पडतं. तिसरी साच्याची, उकडीचा मोदक साच्यात दाबावा तशी. साच्यातून सुटून यायला मिश्रण जरा घट्ट लागतं, त्यामुळे साच्यातले तुकडे जिभेवर थोडे उशिरा विरघळतात. हाताने कापलेला सर्वांत मऊ लागतो, त्याच्या कडा सारख्या नसतात आणि दोन तुकडे कधी एकमेकांसारखे दिसत नाहीत.

पोर्ता नुओवा स्टेशनसमोरच्या पियात्झा कार्लो फेलिचेमध्ये जॉर्दानो नावाचं जुनं दुकान आहे, हाताने कापलेल्या जांदुयोत्तींसाठी ओळखलं जातं. तिथून दोन घ्या. दुसरा काफारेलचा घ्या, तो कुठेही मिळतो. तिसरा व्हिया लाग्रांज या रस्त्याच्या बाजूच्या गुइदो गोबिनोकडचा, त्यांचा नेहमीपेक्षा लहान, एका घासाचा प्रकार आहे. एवढ्या खरेदीला दुकानदार नाक मुरडतील अशी भीती बाळगू नका. इथे चॉकलेट सुटं, वजनावर विकतात. "उन एत्तो" म्हटलं की १०० ग्रॅम. "त्रे पेत्सी" म्हटलं की तीन नग. मोजून देतात, आणि हसून देतात.

मग कुठे तरी बसा. पोर्टिको म्हणजे कमानींखालच्या झाकलेल्या वाटा या शहरात एकूण अठरा किलोमीटर आहेत, त्यामुळे पाऊस आला तरी बाक सापडतो. अकरा-साडेअकराची वेळ धरा. न्याहारी होऊन दोन तास झालेले असावेत, जेवण अजून व्हायचं असावं. त्या सकाळी मसाल्याचा चहा, लोणचं, सुपारी नको. सोबत साधं पाणी घ्या, बर्फाचं नको, कारण थंडगार पाण्याने तोंडातलं कोको बटर गोठतं आणि पुढच्या तुकड्याची चव दबते.

तुकडा चावू नका. कोको बटर साधारण ३२ ते ३४ अंशांच्या दरम्यान वितळतं आणि तोंडाची ऊब त्याहून थोडीच जास्त असते. तुकडा जिभेवर ठेवून टाळूला हलकेच दाबा आणि थांबा. पहिली गोडी लगेच कळते. दहा-पंधरा सेकंदांनी भाजलेल्या नोच्चोल्याचा वास घशाच्या मागून नाकात चढतो. कोको सर्वांत शेवटी येतो. चावून गिळलं तर पहिली गोडीच काय ती लागते. नंतर जिभेने टाळू चाचपून बघा: कण लागतात का? साधारण ३० मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मोठा कण जीभ ओळखते. चांगल्या वाटणात काहीच हाताला, म्हणजे जिभेला, लागत नाही. पण हाताने कापलेल्यात मला क्वचित एखादा कण सापडतो आणि तो मला आवडतो. हे माझं मत आहे, तुम्ही तुमचं बनवा.

नऊ वर्षांच्या मुलासाठी एक खेळ. त्याला नाक चिमटीत घट्ट धरायला सांगा, मग तुकडा तोंडात द्या. फक्त गोड लागेल, शेंगदाणा की हेझलनट की बदाम काही कळणार नाही. वीस सेकंदांनी नाक सोडायला सांगा. त्या क्षणी मुलांचे डोळे मोठे होतात. चव म्हणून आपण जे म्हणतो त्यातलं किती नाकाचं काम आहे ते त्याला न समजावता कळतं. एवढं झालं की मुलं पुढे आपणहून सावकाश खातात, मी दरवेळी पाहिलंय.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, डार्क चॉकलेट नुसतं कडू लागतं हा. इथे मला तुम्हाला फार मनापासून सांगायचं आहे की हे चाखायला मराठी जीभ उत्तम आहे. माझ्याकडे येणारे पुष्कळ युरोपियन आणि अमेरिकन पाहुणे कडू आणि तुरट या दोन्हींना एकच शब्द वापरतात. आपल्याला षड्रस घरातच शिकवलेले असतात. आवळा, जांभूळ, कच्चं केळं, सुपारी: तोंड आवळून येतं, जीभ कोरडी खरखरीत होते, ते तुरट. कारलं आणि मेथी, ते कडू. पुढच्या वेळी ७० टक्क्यांचं डार्क तोंडात घ्याल तेव्हा स्वतःला विचारा, हे कडू लागतंय की तुरट? निम्म्या वेळा उत्तर तुरट असं येईल. कोकोच्या बियांत तुरटपणा भरपूर असतो. बिया शेतातच गराबरोबर नीट आंबवल्या नाहीत तर तो कमी होत नाही, आणि फार जास्त भाजल्या तर कडवटपणा वाढतो. म्हणजे नुसतं "कडू" म्हणून आपण जे बाजूला सारतो त्यात शेतातली चूक कोणती आणि भट्टीवरची कोणती हे वेगळं सांगता येतं. तिसरी चव आंबट. मादागास्करच्या कोकोत पुष्कळदा लाल फळांसारखा आंबटपणा येतो, कोकमाची आठवण व्हावी असा. तुमच्या सासूबाईंना हा प्रकार आवडेल असं मला उगीच वाटतंय. माझ्याकडे आलेल्या बऱ्याच वयस्कर बायकांना तो आवडतो.

टक्क्यांकडे मात्र फार बघू नका. ७० टक्के म्हणजे कोकोचा घन भाग आणि कोको बटर मिळून ७०. दोन कारागिरांच्या ७० मध्ये बटर कमी-जास्त असलं की एक मऊ लागतं, दुसरं कोरडं. तो आकडा साखर किती ते सांगतो, चांगलं-वाईट सांगत नाही. डार्क चाखायचं असेल तर जांदुयोत्तोच्या आधी चाखा, नंतर नाही. नोच्चोल्याचं तेल जिभेवर बसल्यावर डार्कचं खरं रूप कळत नाही.

मधुमेहाबद्दल मी डॉक्टर नाही, सासऱ्यांच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा. माझ्या कामातलं एवढं सांगू शकते की ८५ टक्क्यांच्या साध्या डार्कमध्ये उरलेले १५ टक्के बहुतेक साखरच असते, म्हणजे दहा ग्रॅमच्या तुकड्यात सुमारे दीड ग्रॅम. जांदुयोत्तोत साखर पुष्कळ जास्त असते. मी अशा पाहुण्यांसाठी एक जांदुयोत्तो सुरीने चार भागांत कापते. चव कळायला पाव तुकडा पुरतो, आणि त्यांना इतरांबरोबर बसून खाल्ल्याचं समाधान मिळतं. बिचेरीन मात्र त्यांना घोटभरच द्या.

बिचेरीन ही दुसऱ्या सकाळची गोष्ट आहे, जांदुयोत्तोच्या दिवशी घेऊ नका. कोन्सोलाता चर्चसमोर एका छोट्या चौकात १७६३ सालापासूनचं दुकान आहे, त्याचं नावच आल बिचेरीन. आत संगमरवरी माथ्याची मोजकी गोल टेबलं, प्रत्येकावर एक मेणबत्ती. पिएमोंतेच्या बोलीत बिचेरीन म्हणजे छोटा पेला. काचेच्या पेल्यात खाली गरम कॉफी आणि दाट चॉकलेट, वर गार दाट साय. ढवळायचं नाही. मी पाहुण्यांना हे तीनदा सांगते आणि तरी कुणाचा तरी हात चमच्याकडे जातो. ओठाला आधी गार साय लागते, मग तिच्यातून गरम, कडसर कॉफी-चॉकलेट येतं, आणि दर घोटाला प्रमाण बदलत जातं. ढवळलं की ती फक्त गोड कॉफी होते.

या दुकानाची मला सर्वांत आवडणारी गोष्ट उपासाची आहे. समोरच्या चर्चमध्ये प्रसाद घेण्यासाठी बायका सकाळपासून उपाशी असत आणि बाहेर पडल्या की रस्ता ओलांडून इथे येत. शिवाय चॉकलेट पातळ पेय आहे, त्याने उपास मोडत नाही, असा निर्वाळा सतराव्या शतकात एका कार्डिनलने, म्हणजे पोपच्या हाताखालच्या बड्या धर्मगुरूने, दिला होता, म्हणून लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या, उपासातही ते चालायचं. कुठलं काय उपासाला चालतं यावर आपल्या घरात होणारी चर्चा आठवा. वरी चालते का, साबुदाणा चालतो मग बटाटा का नाही. मराठी बायकांना ही गोष्ट मला समजावून सांगावी लागत नाही. हे दुकान पिढ्यान्पिढ्या बायकांनीच चालवलं, हेही इथे येणाऱ्या बायकांच्या ओढीचं एक कारण असावं.

बिचेरीनमध्ये अंडं नाही, मद्य नाही. मुलाला कॉफी नको असेल तर नुसतं गरम चॉकलेट मागा, "चोक्कोलाता काल्दा". ते इतकं दाट असतं की चमच्याने खावं लागतं. एका पेल्यात दोघांचं भागतं.

शाकाहाराबद्दल आता सविस्तर, कारण इथे मी स्वतः चुकले आहे. घासांच्या मधे तोंड कोरं करायला मी ग्रिसीनी देते. पीठ भाजून केलेल्या या काड्या, तुरीनच्याच. एका जैन कुटुंबाला मी निर्धास्तपणे त्या दिल्या आणि नंतर बेकरीत विचारलं तेव्हा कळलं की त्यात डुकराची चरबी होती. ते कुटुंब मला काही बोललं नाही. मला अजून वाईट वाटतं. तेव्हापासून मी पाकीट वाचल्याशिवाय किंवा विचारल्याशिवाय एक काडीही कुणाला देत नाही. तुम्ही "स्त्रुत्तो" हा शब्द लक्षात ठेवा, म्हणजे डुकराची चरबी. ऑलिव्ह तेलाच्या ग्रिसीनीही सहज मिळतात.

बाकीचे शब्द: "उओवा" म्हणजे अंडी, "जेलातीना" किंवा "कोल्ला दि पेशे" म्हणजे जिलेटिन, "लिक्वोरे", "रुम", "ग्राप्पा" ही मद्यं. सासूबाईंसाठी हे एका कागदावर इटालियनमध्ये लिहून दुकानदाराला दाखवा, बोलण्यापेक्षा ते खात्रीचं. साध्या जांदुयोत्तोत आणि डार्क चॉकलेटमध्ये अंडं नसतं. क्रेमिनोतही नसतं. तीन थरांचा हा चौकोनी तुकडा, वर-खाली जांदुया आणि मधे फिकट थर. तो बाराती ए मिलानो या १८५८ साली सुरू झालेल्या दुकानाची देणगी, आणि ते दुकान पियात्झा कास्तेल्लोलगतच्या काचेच्या छताच्या गालेरिया सुबाल्पीनात आहे. दुकान बघण्यासाठी म्हणून तरी आत जा. गोबिनोकडे मीठ आणि ऑलिव्ह तेल घातलेला क्रेमिनो मिळतो. तो भाचीला द्या. या वयाच्या मुलींना तो हमखास आवडतो.

टाळायचे ते असे. कुनेएझी, म्हणजे जवळच्या कुनेओ गावचे चॉकलेटचे गोळे, त्यात रम असते आणि अंड्याच्या पांढऱ्याचं मेरिंगही. बोएरो म्हणजे मद्यात बुडवलेली चेरी. आल्पीनो नावाच्या तुकड्यातही मद्याचं सारण असतं. बोनेत ही इथली पुडिंगसारखी मिठाई अंड्याशिवाय होत नाही. हे सगळे काउंटरवर जांदुयोत्तोच्या शेजारीच, तशाच चकचकीत कागदात असतात, म्हणून मिसळलेला डबा कधीच घेऊ नका. एकाच प्रकाराचा घ्या. आइस्क्रीम हवं असेल तर व्हिया पो वरच्या १७८० सालच्या फ्योरियोकडे जांदुया जेलातो प्रसिद्ध आहे, पण पिवळ्या बलकाचं काय ते विचारूनच घ्या.

आणि घरात कुणाला सुक्या मेव्याची ॲलर्जी असेल तर हे शहर चॉकलेटसाठी योग्य नाही. नोच्चोल्याचं पीठ इथे प्रत्येक कारखान्याच्या हवेत असतं. या बाबतीत मी कुणालाही "थोडं चालेल" असं म्हणत नाही.

लेबल वाचायची सवय असेल तर घटकांत नोच्चोल्याचं प्रमाण बघा. युरोपच्या नियमांनुसार जांदुया नाव लावायला शंभर ग्रॅममध्ये निदान २० ग्रॅम नोच्चोला लागतो आणि ४० च्या वर जाता येत नाही. २० आणि ३५ यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. दूध पावडर आहे का तेही दिसेल. दुधाचा प्रकार मुलांना आवडतो, जुने तुरीनकर मात्र बिनदुधाचाच मागतात. मीही त्यांच्यात आले आता. आणखी एक: कोको बटरशिवाय इतर वनस्पती तूप चॉकलेटमध्ये ५ टक्क्यांपर्यंत घालायला कायदा परवानगी देतो. घातलं असेल तर तसं लिहावं लागतं. ते लिहिलेलं दिसलं तर मी खाली ठेवते.

दुसऱ्या दिवशी दुपारी वेळ उरला तर लांगे टेकड्यांतल्या आल्बा गावाला जाऊ का, असं पुष्कळजण विचारतात. तुमच्या दिवसांत तिथे पांढऱ्या ट्रफलची (चॉकलेटचं नव्हे, जमिनीखाली उगवणाऱ्या अळंबीसारख्या ट्रफलची) जत्रा असते, शनिवार-रविवारी गाव फुललेलं असतं आणि आजी-आजोबांचे हाल होतात. जायचं तर मधल्या वारी, आणि पूर्ण दिवस काढून. आल्बा म्हणजे फेरेरो या चॉकलेट कंपनीचं गाव. युद्धानंतर, १९४६ साली, कोको मिळेना तेव्हा तिथल्या पिएत्रो फेरेरो यांनी जास्त नोच्चोला घालून सुरीने कापता येईल अशी जांदुयाची वडी काढली. पुढे ती पावावर लावण्याइतकी पातळ झाली आणि १९६४ साली नुटेला या नावाने बाटलीत आली. त्याच कंपनीचा कारखाना आपल्या बारामतीला आहे. तुमचा मुलगा घरी जे किंडर जॉय खातो त्याचं नातं या टेकड्यांशी आहे. हे सांगितलं की मुलं नोच्चोल्याची झाडं बघायला आपणहून खिडकीशी बसतात.

घरी न्यायचं म्हणाल तर शेवटच्या दिवशीच घ्या. जांदुयोत्तो मऊ असल्यामुळे डार्कपेक्षा लवकर बसतो. हॉटेलच्या खोलीत हीटरजवळ ठेवू नका. विमानात तुकडे हातातल्या बॅगेत न्या, पण जांदुयाच्या क्रीमची बरणी द्रव धरली जाते, ती मोठ्या बॅगेतच टाका. पुण्यात नोव्हेंबरमध्ये घरातल्या गार कपाटात नीट राहतं. फ्रिजमध्ये ठेवायचं झालं तर हवाबंद डब्यात ठेवा आणि बाहेर काढल्यावर डबा लगेच उघडू नका, तासभर तसाच राहू द्या. नाहीतर तुकड्यावर दव धरतं, साखर वर येते आणि पांढरे डाग पडतात. असे डाग पडलेलं चॉकलेट खराब नसतं, फक्त जिभेवर खरखरीत लागतं. ते दुधात उकळून टाका.

मिलानहून वेगवान गाडीने तासाभरात तुरीनचं पोर्ता सुझा स्टेशन येतं, त्यामुळे पहिल्या दिवशी अकराला बाकावर बसणं सहज जमेल. तारखा पक्क्या झाल्या की आधी आल बिचेरीनचा सुट्टीचा वार बघा. तो आणि तुमची दुसरी सकाळ एकत्र येत असेल तर दिवसांची अदलाबदल करा. टेबलं थोडी आहेत, म्हणून दार उघडायच्या वेळेलाच पोहोचा. सासूबाईंना बाहेर रांगेत उभं राहावं लागणार नाही.